पुढचा माणूस कुठी गेला

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, बँडमधल्या गमतीजमती लिहा. दौरे, गर्दी, भांडणं, वाचकांना असलं आवडतं. मी हो म्हणालो आणि पंधरा दिवस कागदाला हात लावला नाही. गमती पुष्कळ झाल्या, पण त्या बहुतेक अभयच्या आहेत, आणि तो त्या माझ्यापेक्षा रंगवून सांगतो. अभय म्हणजे आमचा गायक. बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे, आणि बाकीच्यांना सांगितलं तरी ते विचारणार, तुम्ही त्याच्यात कोण?

हा प्रश्न मला आमच्या गावाजवळच्या लाखनीला चहाच्या टपरीवर अजून येतो. तुम्ही वाजवत काय होते? मी सांगतो, बास. म्हणजे गिटारच ना? गिटारच, पण चार जाड तारांची. तिचा आवाज वेगळा काढून कोणी ऐकत नाही. खोलीतल्या पंख्यासारखं आहे ते, चालू असतो तोवर लक्ष जात नाही, बंद पडला की सगळे वर बघतात. हे सांगितलं की समोरचा माणूस सहानुभूतीने मान हलवतो आणि माझ्यासाठी आणखी एक चहा सांगतो. इतक्या वर्षांच्या कलासेवेची ही कमाई मला मान्य आहे.

बाससोबत मी दुसरा आवाज द्यायचो. रॉक म्हणजे नुसता आरडाओरडा असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतो. गायक गाण्याची खरी चाल गातो. त्याच वेळी दुसरा कोणी थोडं खालून, त्याच शब्दांची वेगळी ओळ गातो. दोन्ही मिळून आवाज भरतो. दुसरी ओळ एकटीच ऐकली तर तीही चालच वाटते, जरा उदास, जरा चुकल्यासारखी. ऐकणाऱ्याला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

मागे उभं राहून गाणं आमच्या घरातच होतं. बाबा भीमगीतांच्या पार्टीत होते. त्या पार्टीत मधोमध गाणारा तो 'पुढचा माणूस' आणि त्याची ओळ उचलून धरणारे ते 'मागचे'. बाबा जन्मभर मागचे. चौदा एप्रिलला गावोगाव कार्यक्रम व्हायचे, आणि मी व माझी मोठी बहीण पंचशीलाताई स्टेजच्या कडेला बसून बाबांचं तोंड बघायचो. लोकांची ग्वाल्हेर, किराणा अशी घराणी असतात. आमचं कोरस घराणं. पुण्याला शिकायला गेलो, अभय भेटला, बँड झाला, तेव्हा मी न सांगताच त्याच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिलो. जवळपास वीस वर्षं तिथेच होतो.

त्या जागेचे अनुभव काही कमी नाहीत. कार्यक्रमानंतर पोरंपोरी धावत यायची, माझ्या हातात मोबाइल द्यायची आणि अभयच्या शेजारी उभी राहायची. फोटो मी चांगले काढतो. एकदा एका कॉलेजच्या मैदानावर ऐन गाण्यात अभयचा माइक मेला. माझा चालू होता. आता कुठलाही शहाणा माणूस अशा वेळी मुख्य चाल उचलेल. मी आपली खालचीच ओळ गात राहिलो, नेहमीसारखी, सुरात. मैदानातली पोरं वरची चाल गायला लागली आणि गाणं पार पडलं. खाली उतरल्यावर अभय हसून लोटपोट झाला. म्हणाला, "अरे येड्या, तू वर का नाही आलास?" मी म्हणालो, ती तुझी जागा आहे. तो किस्सा त्याने पुढे शंभर मुलाखतींत सांगितला असेल.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती पुढे लागणार आहे. मोठ्या स्टेजवर इतका गोंगाट असतो की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज येत नाही. म्हणून प्रत्येकाच्या कानात छोटे स्पीकर असतात, आणि त्यात काय काय ऐकू यावं हे ज्याचं त्याने साउंडवाल्याला सांगायचं. मी कानात ड्रम आणि अभय घ्यायचो. बाकी काही नसलं तरी चालायचं. अभय स्वतःचा आवाज, ड्रम आणि लीड गिटार घ्यायचा. मला घेत नसे. दुसरा आवाज कानात आला की माझी चाल घसरते, म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं, बऱ्याच गायकांचं तसं होतं. मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

बँड का सोडला, हे सगळे विचारतात आणि सगळ्यांना भांडण हवं असतं. भांडण झालं नाही. मला डेंग्यू झाला, दोन-तीन कार्यक्रम मी करू शकलो नाही. तेव्हा आमच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून माझा बास आणि माझा आवाज वेगळा काढून लॅपटॉपवरून वाजवला. कार्यक्रम उत्तम झाले. मी परतलो तर ती सोय तशीच राहिली. अभय म्हणाला, असू दे रे, तुझाच आवाज आहे, तुला आधार. मग मी रोज माझ्याच आवाजाबरोबर गायला लागलो. तो आवाज दहा वर्षांनी तरुण होता आणि कधी चुकायचा नाही. एका कार्यक्रमात मी मुद्दाम तोंड मिटलं. गाणं संपेपर्यंत कोणाच्याही लक्षात आलं नाही, बँडमधल्याही नाही. मला फार वाईट वाटलं. पुढच्या महिन्यात मी अभयला भेटून सांगितलं, थांबतो आता, गावी जातो, स्वतःचं काही करतो. त्याने मिठी मारली आणि म्हणाला, केव्हापासून सांगतोय तुला, तुझा अल्बम व्हायला पाहिजे.

बाबा गेल्यापासून गावच्या घरात ताई एकटी असते. अंगणवाडीतून निवृत्त झाली, लग्न केलं नाही, विहारात वंदना तीच घेते. मी बॅगा आणि बास घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा तिने विचारलं, किती दिवस हाय? मी म्हणालो, आता हायच. तिने काहून म्हणून विचारलं नाही. वरच्या खोलीतला पलंग झाडून दिला.

अल्बम करायचा तर आवाज टिपायला शांत जागा पाहिजे. नुसती शांत नाही, मेलेली. रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि माइकमध्ये शिरतो, म्हणून स्टुडिओच्या भिंतींना जाड मऊ अस्तर असतं. आमच्याकडे तसलं काय असणार? माझ्या वर्गातला सेवक लाखनीला राइस मिल चालवतो. त्याच्या गोदामात धानाचे कट्टे, म्हणजे पोती, छपरापर्यंत रचलेले होते, आणि मधोमध हमालांना जायला-यायला सोडलेली गल्ली. त्या गल्लीत उभं राहून मी टाळी वाजवली. टाळी जागच्या जागी मेली. पुण्यात असल्या खोलीला तासावर भाडं पडतं. सेवक म्हणाला, कर ना बावा, फक्त उंदरं सांभाळ.

मिल चालू असली की जमीन हादरायची. त्यामुळे रेकॉर्डिंग कधी, तर लाईन गेली की. वीज गेली की मिल बंद, पंखे बंद, आजूबाजूची दुकानंही चूप. माझा लॅपटॉप बॅटरीवर चालायचा. अख्खी लाखनी वीज मंडळाला शिव्या घालायची तेव्हा मी एकटा खुशीत माइककडे पळायचो. सेवक हमालांना सांगायचा, लाईन गेली, आता स्टारचं काम सुरू झालं. हायवेवरच्या ट्रकांचं मात्र काही करता आलं नाही. दुसऱ्या गाण्यात एक हॉर्न आहे. नीट ऐकलं तर सुरात आहे.

गाणी मी कट्ट्यांच्या त्या गल्लीतच बांधली. बरं वाटायचं तिथे. धानाचा वास, अंधार, आणि मधेच एखादा हमाल बिडी प्यायला दारात येऊन बसायचा, ऐकायचा, बिडी संपली की जायचा. पण काम झाल्यावर मशीन बंद केलं की जे एकटेपण यायचं ते मी कधी अनुभवलं नव्हतं. बँडमध्ये एक ओळ चांगली जमली की चार माणसं एकमेकांकडे बघतात. त्या बघण्यासाठीच खरं तर माणूस बँड करतो. इथे मी ओळ जमली की सवयीने उजवीकडे बघायचो, आणि उजवीकडे बारदाना.

आठ-नऊ गाणी झाली. एका सकाळी घरी स्पीकरवर लावून ऐकत बसलो होतो. ताई अंगणात लाखोरीची भाजी खुडत होती. तिसरं गाणं सुरू झालं आणि ती गुणगुणायला लागली. पण चाल भलतीच. शब्द माझे, चाल कुठली तरी वरची. दुसऱ्या कडव्यालाही तेच. मला राग आला. स्वतःचं गाणं कोणी चुकीचं म्हटलं की राग येतोच. मी बाहेर जाऊन विचारलं, हे काय म्हणतेस, चाल अशी नाहीये.

ती वर न बघता म्हणाली, "मले काय मालूम कशी हाय. तू तं बाबावानी मागचं म्हनून राहिला. मी म्हनलं, पुढचा मानूस कुठी गेला? कोनीच म्हनून नाही राहिला, तं म्हनलं मीच म्हनतो."

मी आत जाऊन सगळी गाणी पहिल्यापासून ऐकली. खरं होतं. एकूण एक गाणं मी खालच्या आवाजात गायलो होतो. अख्खा अल्बम दुसऱ्या आवाजाचा, आणि पहिला आवाज कुठेच नाही. गायकाने यायचं म्हणून सगळे तयार बसलेत आणि गायक आलाच नाही, असा. मग हळूहळू हेही ध्यानात आलं की गाणी बांधताना माझ्या डोक्यात अभय गात होता. वरची चाल त्याच्या आवाजात मला स्पष्ट ऐकू येत होती. ती आहेच असं धरून मी फक्त माझा वाटा गायलो आणि उरलेली जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवली. न विचारता, वीस वर्षांच्या सवयीने.

रडू आलं, सांगायला लाज कसली. ज्याच्यापासून वेगळं व्हायचं म्हणून एवढा खटाटोप केला, त्याचीच वाट बघत मी गोदामात उभा होतो.

ताईला म्हणालो, आता ती वरची चाल पुन्हा म्हण, मी टिपून घेतो. ती लाजली. भाजीसंगं म्हनलं होतं बापा, आता कुठी आठवते, म्हणाली. मी फार मागे लागलो तर म्हटलं, पण दर वेळी वेगळं. शेवटी तिने मला जेवायला वाढलं आणि विषय संपवला. म्हणजे वरची चाल मलाच शोधायची होती आणि मलाच गायची होती. माझा आवाज वर जात नाही असं नाही. पण तिथे गेलो की मला परक्याच्या घरात बूट घालून शिरल्यासारखं वाटायचं.

पुन्हा गोदामात जायला लागलो, तोवर भरडाई, म्हणजे धानाचा तांदूळ काढायचं काम, जोरात सुरू झाली होती. दररोज कट्टे कमी व्हायचे. माझी गल्ली आधी रुंद झाली, मग एका बाजूची भिंत गेली, मग दुसरी. इथे माझी धंद्यातली चूक झाली. कुठलाही रेकॉर्डिंगवाला सगळी गाणी एका दमात, एकाच जागेत घेतो, म्हणजे आवाज सारखा राहतो. मी एकेक गाणं घेत बसलो आणि खोली माझ्या हातातून जात राहिली. पहिल्या गाण्यात आवाज कानाशी बोलल्यासारखा आहे. शेवटच्या गाण्यात चार कोरे पत्रे आणि लांबलचक फरशी आहे, आणि ओळ संपली की ती फिरून परत येते. सेवकने विचारलं, दोनचारशे कट्टे ठेवू का तुझ्यासाठी? मी नको म्हणालो. त्याचा धंदा होता.

वर गाताना आवाज फाटायचा. लाईन आली की मिल सुरू व्हायची आणि मी सुटलो म्हणून बाहेर येऊन बसायचो. पण गाणी हळूहळू जमली. कुठे पट्टी उतरवली, कुठे चाल बदलली. डोक्यातला अभय एकेका गाण्यातून निघून गेला, आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटलं आणि घरी जाताना वाईटही वाटलं.

एक गाणं मात्र मी तसंच ठेवलं. आमच्याकडे शेताच्या वरच्या अंगाला पाणी साठवायची लहान तळी असतात, त्यांना बोडी म्हणतात. आमच्या गावच्या बोडीवरचं ते गाणं. ते वर घेता येत होतं, मी घेऊन पाहिलं होतं. पण नाही घेतलं. त्यात खालचाच आवाज ठेवला आणि वरची सगळी जागा मोकळी सोडली. साधी गोष्ट होती. अभय ऐकेल. जगात एकाच माणसाला ती जागा ओळखू येईल, आणि तो तोच. मग तो फोन करेल, म्हणेल, येतो रे लाखनीला, राहिलेलं गाऊन टाकू. मी सेवकला तर सांगूनही ठेवलं होतं की पुण्याहून पाहुणा येण्याची शक्यता आहे.

अल्बम आला. आला म्हणजे इंटरनेटवर चढला. ताईने विचारलं, झाला म्हनते, तं कुठी हाय? मी मोबाइल दाखवला. तिने मोबाइल उलटा करून मागची बाजू पाहिली आणि परत दिला.

साकोलीला पहिला कार्यक्रम केला, एका सभागृहात. मंडप आणि साउंडचं काम लाखनीच्या किशोरकडे. लग्नं, जयंत्या, गणपती सगळं तो करतो, रॉक त्याचा पहिलाच. मी एकटा, मांडीवर बास, पायाशी ॲम्प्लिफायरची पेटी. त्याने माइक लावून ठेवला, मी जाऊन तो डावीकडे सरकवला. थोड्या वेळाने बघतो तर पुन्हा मधोमध. मी पुन्हा सरकवला. शेवटी तोच आला.

"सर, मानूस एकच हाय, तं माइक मधी घेऊ का?"

मी म्हणालो, राहू दे तिथेच. त्याने स्टेजच्या मोकळ्या मध्याकडे पाहिलं आणि आपल्या मशीनकडे गेला. कार्यक्रम बरा झाला. लोकांनी बँडचं प्रसिद्ध गाणं म्हणा म्हणून आग्रह केला आणि मी त्यातली माझी ओळ गायलो. ते कोणाला ओळखू आलं नाही. बोडीचं गाणं झालं तेव्हा एक गुरुजी शेजाऱ्याला म्हणाले, चांगलं हाय, पन सुरू कवा होते?

अभयचा फोन बऱ्याच दिवसांनी आला. मी लाखनीच्या बसस्टॉपवर होतो, लाखांदूरच्या एसटीची वाट बघत. नाव स्क्रीनवर दिसलं आणि मी पहिल्याच रिंगला उचलला. पोरासारखं. तो मनापासून बोलला. म्हणाला, बास काय सुंदर वाजवलायस, तुझा आवाज असा आहे हे मला माहीतच नव्हतं, शेवटच्या गाण्यातला तो घुमारा कुठल्या स्टुडिओत मिळाला? मी म्हटलं, राइस मिल. तो हसला. एकेका गाण्यावर बोलत गेला, आणि मी मोजत होतो, बोडी कधी येते.

"एकच सांगू का, राग नको मानूस," तो म्हणाला. "ते बोडीचं गाणं आहे ना, त्यात काहीतरी कमी आहे रे. तू फार खाली राहिलायस. वर घ्यायला पाहिजे होतंस."

मी एसटीच्या रस्त्याकडे बघितलं. मग म्हणालो, हो, कमी आहे खरं.

पुढच्या वेळी आधी मला ऐकवत जा, म्हणाला, आणि त्याला कोणाचा तरी दुसरा फोन आला. एसटी आली, भरली, गेली. मी बाकड्यावर बसून राहिलो. त्याच्यावर राग धरायला मी खूप शोधलं, पण काही सापडेना. त्याने वीस वर्षं मला कानात घेतलंच नव्हतं. मी रोज आम्हा दोघांना ऐकलं, त्याने रोज एकट्यालाच ऐकलं. जी जागा मी त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती ती खालून बघितली तरच दिसते, आणि तो खाली कधी उभाच राहिला नव्हता. त्याला कसं कळणार? हे सगळं मला पटलं, आणि तरी त्या संध्याकाळी मी न जेवता वरच्या खोलीत गेलो. सेवकला फोन करून तेवढं सांगितलं, पाहुणा काही येत नाही.

दिवाळीआधी लाखांदूरला कार्यक्रम होता. नवं धान कापायला आलेलं, तरी माणसं बरी जमली. पहिल्या रांगेत ताई, इस्त्रीची पांढरी साडी नेसून, विहारातल्या दोघीतिघींना घेऊन. किशोरने माइक आपला डावीकडे लावला होता. माझी रीत त्याला पाठ झाली होती. पण विचारल्याशिवाय त्याला राहवत नाही, म्हणून जाता जाता विचारलंच.

"सर, मधी घेऊ का?"

"घे," मी म्हणालो. "मधी घे."

त्याने स्टँड उचलून मधोमध आणून ठेवला, वायर चिकटपट्टीने जमिनीला पक्की केली, आणि एकदा मागे सरून बघितलं. मी तिथे जाऊन उभा राहिलो. दिवे थेट डोळ्यांवर येतात तिथे, हे मला ठाऊक नव्हतं. बोडीचं गाणं मी सुरुवातीलाच घेतलं, आणि वर घेतलं. दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला, पण मी खाली उतरलो नाही. ताईकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते, पण तीही वरचंच म्हणत होती, माझ्याबरोबर. खालची ओळ मला मनात सगळा वेळ स्पष्ट ऐकू येत होती. त्या दिवशी ती कोणीच म्हटली नाही.